फार्मासिस्ट म्हणून परदेशी जाताना: आधी कागद, मग पुस्तक

"कोणतं पुस्तक वाचू?" परदेशात फार्मासिस्ट म्हणून काम करायचं ठरवलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तिथेच पहिली चूक होते. पुस्तकाची पाळी बरीच नंतर येते. मी स्वतः कॅनडाच्या वाटेनं गेले आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे अर्ज शेजारी बसून भरून घेतले. परीक्षेत नापास होऊन अडकलेले त्यात थोडे. बाकीचे कागदात अडकले, नाहीतर क्रमात. कोणी इंग्रजीची परीक्षा फार लवकर देऊन बसला, कोणी भलत्याच संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घेतलं, आणि एकाला सहा महिने अभ्यास झाल्यावर कळलं की त्या देशात आपली पदवी मुळात पात्रच धरत नाहीत.

खालचे टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत त्याच क्रमानं करा. मधला टप्पा आधी उरकण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि तोच महागात पडतो.

## टप्पा १: देश निवडा, पण पात्रता बघून

नातेवाईक कुठे आहेत, पगार कुठे जास्त आहे, हे नंतर बघू. आधी एवढंच बघायचं की तुमच्या पदवीला तिथे दार उघडं आहे का.

अमेरिका. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. परदेशी पदवीधराला एनएबीपी या संस्थेचं एफपीजीईसी प्रमाणपत्र लागतं. १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांसाठी फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. चार वर्षांची बी.फार्म. इथे अडते. वर एम.फार्म. केलं म्हणून चार अधिक दोन अशी बेरीज करून चालत नाही, कारण बघितला जातो तो मूळ व्यावसायिक पदवीचा कालावधी. सहा वर्षांची फार्म.डी. असेल तर हा अडथळा नाही. प्रमाणपत्रासाठी एफपीजीईई ही परीक्षा आणि इंग्रजीची परीक्षा, त्यापुढे ज्या राज्यात काम करायचं तिथल्या बोर्डाचे इंटर्नशिपचे तास, मग नॅप्लेक्स ही परवान्याची मुख्य परीक्षा आणि कायद्याची परीक्षा. परवाना देतं ते राज्य. एफपीजीईसी म्हणजे परवाना नव्हे, परवान्याच्या रांगेत उभं राहण्याची परवानगी.

कॅनडा. चार वर्षांच्या पदवीवर इथे सुरुवात करता येते. आधी 'फार्मासिस्ट्स गेटवे कॅनडा'वर नोंदणी, मग पीईबीसी या राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडे कागदपत्रांची तपासणी, मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग. पहिला भाग बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा प्रत्यक्ष संवादाचा. त्यानंतर प्रांताची नोंदणी, तिथल्या कायद्याची परीक्षा आणि देखरेखीखालचं काम. क्यूबेकची वाट वेगळी आहे. तिथली नियामक संस्था वेगळी आणि फ्रेंच अनिवार्य.

ब्रिटन. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी नियामक संस्था जीपीएचसी. उत्तर आयर्लंडची वेगळी. परदेशी फार्मासिस्टनं साधारण एक वर्षाचा ओएसपीएपी हा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा, मग वर्षभराचं फाउंडेशन ट्रेनिंग, मग नोंदणीची परीक्षा. म्हणजे इथे तुम्ही आधी विद्यार्थी होता, मग प्रशिक्षणार्थी, मग फार्मासिस्ट. ओएसपीएपीची फी भरायची तयारी नसेल तर ही वाट सुरूच करू नका.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. ऑस्ट्रेलियन फार्मसी काउन्सिल आधी पात्रता तपासते आणि मग परीक्षा घेते. अनेक वर्षं ही परीक्षा 'कॅप्स' नावानं होती. २०२५ पासून तिची जागा 'ओप्रा' या परीक्षेनं घेतली. तरीही कॅप्सच्या जुन्या नोट्स अजून फिरत आहेत, विकल्याही जात आहेत. परीक्षेनंतर तात्पुरती नोंदणी, इंटर्नशिप, प्रशिक्षण कार्यक्रम, लेखी आणि तोंडी परीक्षा.

आखाती देश. वेळ सगळ्यात कमी इथे लागतो, पण अनुभवाची अट इथे कडक. डेटाफ्लो या पडताळणी करणाऱ्या कंपनीमार्फत मूळ संस्थेकडून कागदांची पडताळणी होते आणि संगणकावर परीक्षा होते. संयुक्त अरब अमिरातीत दुबईसाठी डीएचए म्हणजे तिथलं आरोग्य प्राधिकरण, अबू धाबीसाठी तिथला आरोग्य विभाग आणि बाकी अमिरातींसाठी आरोग्य मंत्रालय, अशी तीन दारं आहेत. एका दाराचा परवाना दुसरीकडे आपोआप चालत नाही. सौदी अरेबियात फार्मसीच्या जागांवर स्थानिक नागरिक घेण्याचं प्रमाण सरकारनं वाढवत नेलं आहे, तेव्हा तिथे परवान्याइतकाच जागांचाही विचार करा.

जर्मनी. फार्मसीपेक्षा भाषेला जास्त वेळ लागतो. बी२ म्हणजे मध्यमापेक्षा वरच्या पातळीची जर्मन, त्यावर फार्मसीच्या व्यावसायिक भाषेची वेगळी परीक्षा, मग पदवी समकक्ष आहे का याची तपासणी, आणि नसेल तर ज्ञानाची तोंडी परीक्षा. पूर्ण परवान्याला तिथे 'अप्रोबात्सिओन' म्हणतात. तो मिळेपर्यंत मर्यादित काळासाठी काम करण्याची परवानगी निघते. हे सगळं राज्यवार चालतं.

डिप्लोमावर जाऊ बघणाऱ्यांना एक स्पष्ट सांगते. वरच्या पाश्चात्त्य देशांत डिप्लोमावर फार्मासिस्ट होता येत नाही. टेक्निशियन किंवा सहायक ही पदं वेगळी, त्यांचे परवाने वेगळे. जाहिरातीत 'फार्मसी जॉब' एवढंच लिहिलेलं असतं आणि माणूस पोचल्यावर औषधं मांडणीत लावत बसतो.

> तपासा: नियामक संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन चार उत्तरं वहीत लिहा: पदवी किती वर्षांची हवी, अनुभव किती आणि किती ताजा हवा, परीक्षेच्या संधी किती, भाषेची कोणती परीक्षा चालते. एखाद्या व्हिडिओत ऐकलेलं उत्तर इथे धरू नका. चारही उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे कुठेच भरू नका.

## टप्पा २: सगळ्या कागदांवर एकच माणूस दिसू द्या

मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. पदवीवर वडिलांचं नाव पूर्ण, नोंदणीपत्रावर नुसतं आद्याक्षर. लग्नानंतरचं आडनाव पासपोर्टवर, आधीचं बाकी सगळीकडे. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. पडताळणी करणाऱ्या परक्या माणसासाठी मात्र ही तीन वेगळी माणसं असतात.

एक कागद घ्या आणि पासपोर्टवर जसं नाव आहे तसं अक्षरन् अक्षर वर लिहा. खाली प्रत्येक दस्तऐवजावरचं नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग उतरवा. जिथे फरक दिसेल तिथे खूण करा. काही ठिकाणी मूळ कागद दुरुस्त करून मिळतो, काही ठिकाणी प्रतिज्ञापत्र किंवा विवाहाचं प्रमाणपत्र जोडून काम होतं. काय चालेल ते ती संस्थाच ठरवते, तेव्हा विचारा, गृहीत धरू नका.

पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर आत्ताच नवा काढा. परीक्षा केंद्रावर नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर आत घेत नाहीत, आणि भरलेली फी बहुतेक वेळा जाते.

## टप्पा ३: कागद गोळा करा, पण सगळे स्वतःच्या हातात घेऊ नका

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

मूळ तत्त्व असं की परदेशी नियामक संस्था तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, तुमच्या विद्यापीठावर ठेवते. त्यामुळे महत्त्वाचे कागद विद्यापीठाकडून किंवा कौन्सिलकडून थेट त्यांच्याकडे जावे लागतात, सीलबंद पाकिटात किंवा संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून. मध्ये तुमचा हात लागला की तो कागद बाद.

माझंच सांगते. ट्रान्स्क्रिप्टचं पाकीट कुरिअरला देण्यासाठी माझ्याकडे आलं. तोंडावर शिक्का, शिक्क्यावर सही. एका सत्राची मार्कशीट आत गेलीच नसेल अशी शंका मला खात होती, म्हणून चहाच्या वाफेवर नाही, सरळ कात्रीनं मी ते उघडलं. सगळी सत्रं नीट होती. पाकीट पुन्हा चिकटवलं आणि पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: सील तुटलेलं, कागद स्वीकारता येत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तीच खिडकी, पुन्हा तोच कारकून. "मागच्या वेळी दिलं होतं की," तो म्हणाला. काय सांगणार होते त्याला? शंका असेल तर पाकीट बंद होण्याआधी खिडकीवरच पानं मोजून घ्या.

आता एकेक कागद.

ट्रान्स्क्रिप्ट. मार्कशीटच्या झेरॉक्सला ट्रान्स्क्रिप्ट म्हणत नाहीत. विद्यापीठानं सगळ्या वर्षांचे विषय, गुण आणि शक्य तिथे तास एकत्र देऊन सही-शिक्क्यानिशी काढलेला तो कागद. एकाच वेळी जास्त प्रती मागा. एकच देश ठरवला असला तरी पुढे मन बदलतं.

अभ्यासक्रमाचा तपशील. काही संस्था प्रत्येक विषयात काय शिकवलं हे मागतात. तुम्ही शिकलात त्या वर्षीचा सिलॅबस हवा, आत्ताचा नव्हे. जुना सिलॅबस कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा निवृत्त प्राध्यापकाच्या कपाटात सापडतो. संकेतस्थळावर क्वचितच.

गुड स्टँडिंग सर्टिफिकेट. तुमची नोंदणी चालू आहे आणि तुमच्यावर कारवाई झालेली नाही, असं तुमच्या फार्मसी कौन्सिलचं पत्र. याची मुदत अगदी थोडी असते, बहुधा काही महिन्यांची. म्हणून हा कागद सगळ्यात शेवटी मागवायचा. लोक उत्साहाच्या भरात आधी हाच मागवतात आणि बाकीचे कागद जमेपर्यंत याची मुदत टळते. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते मात्र आजच करा, कारण त्याशिवाय हे पत्र निघत नाही.

अनुभवाचं पत्र. माझ्यापाशी आलेल्या दहापैकी आठ पत्रं निकामी असतात. साधारण असं लिहिलेलं असतं: "अमुक यांनी आमच्याकडे काम केले असून त्यांची वर्तणूक उत्तम आहे. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." वर्तणुकीचं कोणी विचारलंच नव्हतं. पत्रात हवं ते असं:

- पदाचं नाव 'फार्मासिस्ट' असंच, 'स्टाफ' किंवा 'सेल्स' नव्हे
- सुरुवातीची आणि शेवटची तारीख, दिवसासकट
- पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास किती
- प्रत्यक्ष काम: प्रिस्क्रिप्शन तपासणं, औषध देणं, रुग्णाला समजावणं, साठ्याची आणि नियंत्रित औषधांची नोंद
- तुमचा नोंदणी क्रमांक
- सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि उत्तर मिळेल असा फोन व ईमेल

शेवटचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पडताळणी करणारी संस्था खरंच फोन करते, ईमेल पाठवते. तिकडून कोणी "कोण? असं कोणी इथे नव्हतं," म्हणालं तर तुमची खरी नोकरीही कागदावर खोटी ठरते. पत्र देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की अशी चौकशी येईल. दुकान बंद झालं असेल किंवा मालक बदलला असेल, तर पगाराच्या पावत्या, बँकेचं विवरण, कराची कागदपत्रं असा पर्यायी पुरावा जमवायला लागा.

> सावधान: दोन महिन्यांची दांडी लपवण्यासाठी तारखा जुळवून घेऊ नका. खंड असेल तर खंड लिहा. खंडामुळे काही वेळा थोडं जास्त काम करावं लागतं, खोट्या तारखेमुळे दार कायमचं बंद होऊ शकतं. आखाती देशांत एका ठिकाणचा नकारात्मक पडताळणी अहवाल दुसरीकडेही आडवा येतो.

## टप्पा ४: भाषेची परीक्षा योग्य वेळी द्या

आयइएलटीएस आणि टोफेल यांचे गुण दोन वर्षं चालतात. वाट दोन-तीन वर्षांची असेल आणि परीक्षा पहिल्याच महिन्यात दिली, तर नेमकी गरज पडेल तेव्हा ते गुण शिळे झालेले असतात. कुठल्या टप्प्यावर गुण दाखवायचे हे बघा आणि त्याच्या चार-सहा महिने आधी परीक्षा द्या. शिवाय व्हिसासाठी एक परीक्षा आणि नोंदणीसाठी दुसरी, असंही होतं. आयइएलटीएसचे ॲकॅडेमिक आणि जनरल हे प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

सरासरीवर समाधान मानू नका. फार्मासिस्टसाठी बहुतेक ठिकाणी वाचन, लेखन, ऐकणं आणि बोलणं या प्रत्येक भागात वेगळी किमान मर्यादा असते. आपल्याकडचा अभ्यासू उमेदवार वाचनात छान गुण आणतो आणि लेखनात किंवा बोलण्यात अर्ध्या गुणानं अडकतो. सराव तिथे करा.

## टप्पा ५: अर्ज भरा

अर्जासाठी स्वतःचा नवा ईमेल उघडा आणि तो फक्त याच कामाला वापरा. एजंटकडे जाणार असाल तर जा, पण त्यानं स्वतःच्या ईमेलवर तुमचं खातं उघडू द्यायचं नाही. एका मुलीचं खातं असंच एजंटच्या हाती होतं. फीवरून वाद झाला, एजंटनं फोन उचलणं बंद केलं आणि तिला स्वतःच्याच फाइलमध्ये शिरता येईना. खातं परत मिळवण्यात वर्ष गेलं. एजंट तुमच्या वतीनं अर्ज भरू शकतो, परवाना आणून देऊ शकत नाही. "परवान्याची हमी" म्हणणाऱ्याच्या दारातून चहा न घेता उठा.

कॅनडाला जाणाऱ्यांची एक नेहमीची चूक इथे सांगते. एक्सप्रेस एंट्री या सरकारी योजनेतून कायम वास्तव्यासाठी अर्ज करताना पदवीचं मूल्यांकन लागतं. लोक सवयीनं इतर सगळे करतात त्या सामान्य संस्थेकडून ते करून घेतात. पण तुमचा मुख्य व्यवसाय परवाना लागणारा फार्मासिस्ट असा असेल, तर हे मूल्यांकन पीईबीसीकडूनच हवं. फार्मासिस्टच्या व्यवसाय संकेतांकाची, म्हणजे ३११२० ची, माहिती वाचून मग फी भरा.

ऑस्ट्रेलियात हॉस्पिटल, रिटेल आणि इंडस्ट्रियल फार्मासिस्ट यांचे संकेतांक वेगवेगळे आहेत. कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काम केलेलं असताना अर्ज रिटेलचा भरला, तर अनुभवाचं पत्रच तुमच्या विरोधात बोलतं.

एक तक्ता ठेवा: कोणता कागद, कोणी पाठवला, कधी पाठवला, पोचला का, मुदत कधी संपते. दर सोमवारी त्यावरून नजर फिरवा. पाठवला म्हणजे पोचला असं नसतं, आणि पोचला म्हणजे फाइलला लागला असंही नसतं.

> तपासा: पात्रतेचं लेखी उत्तर हातात आलं का? आता पुस्तक उघडा.

## टप्पा ६: परीक्षेची तयारी

संधी मोजक्या असतात. ब्रिटनच्या नोंदणी परीक्षेला तीन. "एकदा बघून येऊ कशी असते," असं म्हणून बसायची ही परीक्षा नाही.

फार्माकोलॉजी, फार्मास्युटिक्स, फार्मास्युटिकल केमिस्ट्री हे विषय तुम्ही शिकलेला आहात, उजळणीनं येतात. चुका होतात त्या तीन ठिकाणी.

पहिलं, नावं. ब्रँडच्या नावांची सवय असलेल्याला जेनेरिक नावं पुन्हा पाठ करावी लागतात, आणि तीही देशागणिक बदलतात. पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि कॅनडात ॲसिटामिनोफेन होतं. सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं, पण कॅनडात सालब्युटामॉलच राहतं. ॲड्रेनालिनचं एपिनेफ्रिन होतं, ग्लिसरिल ट्रायनायट्रेटचं नायट्रोग्लिसरीन.

दुसरं, एककं. रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये वाचायची सवय असते. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात ती मिलिमोल प्रति लिटरमध्ये येते. १८ नं भागा: १२६ म्हणजे ७. क्रिएटिनिनला ८८.४ नं गुणा म्हणजे मायक्रोमोल मिळतात. प्रश्नात क्रिएटिनिन ९० दिसलं की नव्या उमेदवाराच्या पोटात गोळा येतो आणि तो भराभर डोस कमी करायला घेतो. प्रत्यक्षात ते आपलं साधं १ आहे. आणखी एक: इन्शुलिनच्या एककासाठी इंग्रजी 'यू' हे अक्षर लिहायची सवय मोडा, पूर्ण शब्द लिहा. हे अक्षर शून्यासारखं वाचलं जाऊन दहापट डोस दिला जाण्याचा धोका असतो, म्हणून ते टाळायलाच शिकवलं जातं.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, बोलणं. कॅनडाच्या परीक्षेत दुसऱ्या भागात खोल्या मांडलेल्या असतात. प्रत्येक खोलीत रुग्णाची भूमिका करणारं माणूस, हातात थोडीच मिनिटं. सरावाला आलेल्या एका मुलासमोर मी रुग्ण होऊन बसले. हातात निळा इनहेलर, दम लागला की लगेच आराम देणारा.

"हा कसा वापरायचा?" मी विचारलं.

त्यानं बीटा-टू रिसेप्टरपासून सुरुवात केली. श्वासनलिका कशी रुंदावते, किती मिनिटांत, किती तास. सगळं अगदी बरोबर. मध्ये मी म्हटलं, "हल्ली रात्री खोकल्यानं जाग येते हो." त्यानं मान डोलावली आणि साइड इफेक्ट्सकडे वळला.

तिथेच ती खोली गेली. रात्री जाग येते म्हणजे दमा आटोक्यात नाही. आठवड्यातून किती वेळा? हा इनहेलर दिवसातून कितीदा लागतो? रोज घ्यायचा दुसरा इनहेलर आहे का, तो घेता का? फवारा घेऊन दाखवता का? हे विचारून गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवणं, हे तिथे अपेक्षित होतं. आपण उत्तरं द्यायला शिकलो, विचारायला नाही. म्हणून पुस्तक मिटा आणि समोर माणूस बसवून मोठ्यानं सराव करा, घड्याळ लावून. औषध न देता "हे मी देणार नाही, कारण असं," हेही सौम्यपणे म्हणून बघा. तोंडातून निघायला वेळ लागतो.

कायदा शेवटी वाचा, पण टाळू नका. ब्रिटनमध्ये औषधांचे प्रकार तीन: कुठेही मिळणारं, फक्त फार्मसीत मिळणारं, फक्त प्रिस्क्रिप्शनवर मिळणारं. ऑस्ट्रेलियात ते अनुसूची २, ३, ४ आणि ८ अशा भाषेत बोलतात, आणि ३ मध्ये फार्मासिस्टला स्वतः लक्ष घालावं लागतं. काउंटरवरचा रोजचा निम्मा निर्णय याच वर्गीकरणावर चालतो.

## टप्पा ७: देखरेखीखालचं काम

हा टप्पा लोक खर्चात आणि वेळात धरतच नाहीत. परीक्षा झाली म्हणजे झालं असं वाटतं. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया सगळीकडे परवान्याआधी ठरावीक तास नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली काढावे लागतात. जागा तुम्हालाच शोधावी लागते. पगार पूर्ण फार्मासिस्टचा नसतो, काही वेळा मिळतच नाही. मोठ्या शहरात जागेसाठी रांग, लहान गावात मालक स्वतः फोन करतो. मी तर सगळ्यांना सांगते, हे वर्ष लहान गावात काढा. तिथे एकच फार्मासिस्ट असतो, त्यामुळे तुमच्या हाताखालून सगळं जातं.

तास मोजायला कधी सुरुवात होते ते आधी विचारा. देखरेख करणारा फार्मासिस्ट मान्यताप्राप्त नसेल, किंवा तुमची इंटर्न म्हणून नोंदणी झाली नसेल, तर केलेलं काम हिशेबात येत नाही.

## टप्पा ८: नोकरीचा करार आणि व्हिसा

नोकरी, परवाना आणि व्हिसा या तीन वेगळ्या खिडक्या आहेत. एकीवरचा होकार दुसरीवर चालत नाही. ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसासाठी मालकाकडे स्पॉन्सर म्हणून परवाना असावा लागतो. तो आहे का, हे सरकारी यादीत स्वतः बघा.

करारात बघायच्या गोष्टी: पदाचं नेमकं नाव, परवाना मिळेपर्यंतचा आणि मिळाल्यानंतरचा पगार वेगळा लिहिला आहे का, आठवड्याचे तास, जादा कामाचा मोबदला, परवान्याची फी कोण भरणार, आणि मुदतीआधी सोडलं तर किती पैसे परत मागणार. शेवटचं कलम बारीक अक्षरात असतं. पासपोर्ट मालकाकडे ठेवायची अट असेल तर सही करू नका.

पैशांचा अंदाज घेताना फक्त परीक्षेची फी धरू नका. ट्रान्स्क्रिप्ट, कुरिअर, भाषांतर, पडताळणी, भाषेची परीक्षा, परीक्षेसाठीचा प्रवास, व्हिसा, वैद्यकीय तपासणी, आणि पोचल्यावर पगार सुरू होईपर्यंतचे महिने. मी शेवटची रक्कम धरली नव्हती. पहिला हिवाळा दुसऱ्याच्या कोटात गेला.

## टप्पा ९: निघताना आणि पहिले काही आठवडे

मूळ कागद हातातल्या बॅगेत, स्कॅन दोन वेगळ्या ठिकाणी. स्वतःची औषधं नेत असाल तर मूळ वेष्टनात, प्रिस्क्रिप्शनसह. आपल्याकडे प्रिस्क्रिप्शनवर मिळणारी कोडीनची किंवा ट्रामाडॉलची गोळी आखाती देशांच्या विमानतळावर मोठं प्रकरण होऊ शकते. फार्मासिस्टनंच असल्या कारणानं अडकावं, यासारखी नामुष्की नाही.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात व्यावसायिक जबाबदारीचा विमा असल्याशिवाय काम करता येत नाही. मालकाचा विमा तुम्हाला पुरतो का ते विचारून घ्या.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त जड जातो तो फोन. डॉक्टरांच्या दवाखान्यातून कोणी भराभर बोलतं, नाव आणि डोस सांगतं. कळलं नाही तर पुन्हा विचारा, स्पेलिंग मागा, आणि लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवा. पंधरा आणि पन्नास हे आकडे इंग्रजीत कानाला सारखेच लागतात. मी अजूनही एकेक अंक सुटा वाचते: एक-पाच, पाच-शून्य.

आणि मूळ देशातली नोंदणी बंद पडू देऊ नका. दुसऱ्या प्रांतात किंवा दुसऱ्या देशात जायचं ठरलं की तिथलं गुड स्टँडिंग पत्र पुन्हा मागतात. नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाका, महिनाभर आधीच्या आठवणीसकट.